फोनचा कान

काकाजी फोन डाव्या कानाले लावत. अन् डावा कान तं त्यायचा ठार बहिरा. लकडगंजात आरा मशीनीवर अख्खी उमर काढली, लाकूड कापाच्या त्या मशीनीचा आवाज तुमी ऐकला असन तं माहीत असन, मशीनीच्या त्याच बाजूनं उभे राहून राहून तो कान गेला. उजवा मातर असा तेज का खालच्या अंगनात मांजर चाललं तं वरून सांगत, आपली आहे का शेजारची. मंग फोन उजव्याले लावावा का नाई? मी एकदा भेत भेत म्हनलंबी, "काकाजी, कान चुकला तुमचा."

तं म्हने, "चुकला नाई वं. चांगला कान घरच्या मानसासाठी आहे. फोनवर कोन असते? कंपनीवाले. त्यायच्यापायी चांगला कान काहून खराब करू?"

असे आमचे घरमालक. त्यायचं नाव नाई लिहत, सारी गल्ली त्यायले काकाजीच म्हने. अन् त्यायचं ते फोनचं बी ऐका. एक तं समोरचं काही ऐकू नाई येत, अन् वरून फोन सोताहून कापत नसत. "फोन कापनं म्हनजे पाहुन्याच्या तोंडावर दार लोटनं" म्हनत. समोरच्यानं कापला तं कापला, नाई तं काकाजी बोलत राहत, बॅटरी मरेपर्यंत.

दुसरं म्हनजे मामाचं गाव.

आमी खोली पाहाले गेलो तवा मी सात महिन्याची पोटुशी. ह्यायले, म्हनजे माह्या नवऱ्याले, त्यायनं काहीच नाई इचारलं, नोकरी कुठं नाई, पगार किती नाई. माह्याकडे पाहून म्हने, "तुह्या मामाचं गाव कोनतं वं?" मले वाटलं ऐकनात चूक झाली. मी म्हनलं पवनी. तं लगेच डोळे मिटले, बोटं मोजली, अन् म्हने, "पवनीले माह्या मोठ्या साळीचं, म्हनजे बायकोच्या बहिनीचं, सासर आहे. म्हनजे तू घरचीच झाली. कूलर लावा आपला, पन पानी मी भरीन, तुमी लोक सांडता."

अन् खरंच भरत. मे महिन्यात धोतर खोचून बकेट घेऊन जिना चढत अन् आमच्या कूलरच्या पोटाले उजवा कान लावून पंप ऐकत, डॉक्टर ऐकते तसे. "आज खोकून राहिला" म्हनत.

पह्यले मले वाटलं म्हातारा जात काढते. गल्लीतले काही लोक तसंच म्हनत. पन जात काढाची असन तं मानूस आडनाव इचारते. काकाजी आडनाव कधीच नाई इचारे. त्यायचं म्हननं असं का, "बापाचं गाव इचारलं तं मानूस छाती फुगवते, सासऱ्याचं इचारलं तं तोंड वाकडं करते, मामाचं इचारलं का खरं बोलते." अन् मी पायलं ना सोता. गॅसवाला हंडा खांद्यावर घेऊन उभा, घाम गळून राहिला, अन् हे इचारून राहिले मामाचं गाव. तो बी हंडा खाली ठेवे अन् सांगत बसे, मामाच्या विहिरीत कसा पडलो अन् कोनी काढलं. लाईटचं मीटर पाहाले येनाऱ्या पोराचं नातं त्यायनं असं गजब काढलं, दोन तास बसवून, का मंग तो पोरगा आमच्या फाटकात येतच नव्हता, समोरच्या भिंतीवर चढून मीटर वाचे अन् पळे.

पन एक गोष्ट त्यायनं पह्यल्याच दिवशी सांगतली होती. चावी हातात देता देता म्हने, "बाई, मले दोन गोष्टी नाई चालत. एक उघडा नळ अन् दोन दारात तगादेवाला." आमच्या आधीच्या भाडेकरूकडे स्कूटरच्या लोनचा मानूस आला होता, गल्लीत नाव घेऊन ओरडला, तं दुसऱ्या दिवशी काकाजीनं सोता ठेला बलावून त्याचं सामान चढवून देल्लं. जाता जाता चहा पाजला, पन देल्लं. मी तवा हसली होती. मले काय माहीत, माह्यावरच येन म्हनून.

झालं असं का बाळ आठव्यातच आलं. धंतोलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, येवढंसं, पालीच्या पिल्लावानी. ते म्हने आधी डिपॉझिट भरा. ह्यायच्यापाशी ते क्रेडिट कार्ड होतं, पेट्रोल पंपावर एका पोरानं गळ्यात मारलेलं, कधी काढलंच नव्हतं खिशातून. ते घासलं. पोरगं वाचलं, घरी आलं, अन् मंग कार्डाचे पैसे भराची तारीख आली अन् ह्यायचा पगारच नाई झाला. वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात आहे हे, मालक म्हने पुढच्या महिन्यात दोन्ही देतो. तारीख निंगून गेली. अन् फोन सुरू झाले.

ह्यायचा फोन ड्युटीवर बंद असे, अन् कार्डावर दुसरा नंबर माहा देल्ला होता. मंग माह्यावरच. काय बोलत ते, मी लिहू नाई शकत. हिंदीत बोलत, "मैडम पैसा खाके बैठे हो, शरम है क्या," अन् त्याच्यावरचं. तुह्या भावाले लावू फोन, गल्लीत येऊन नाव घेऊ, पोलीस घेऊन येऊ. मी आठवी शिकली आहे, मले काय समजते पोलीस येते का नाई येत ते? मले वाटे आता येते जीप, आता येते. मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवून देई, तं डब्यातून घुं घुं घुं असं येई, भूत बसल्यावानी. ह्यायले सांगतलं तं म्हने उचलूच नको. अवो, पन नाई उचलला तं दुसऱ्या नंबरनं येते! भेवानं माह्या अंगावरचं दूध आटलं. पोरगं चोखे अन् रडे, चोखे अन् रडे, दवाखान्यावाल्या बाईनं सांगतलं होतं वजन वाढलं पाह्यजे, अन् इकडे दूधच नाई. अन् सगळ्यात मोठं भेव हे का काकाजीले समजलं तं ठेला येन दारात. तीन महिन्याचं लेकरू घेऊन कुठं जाऊ मी?

एक दिवस सकाळी अंगनात बसून पोराले तेल लावून राहिली होती मी, पाय लांब करून, पोरगं पायावर, दोन्ही हात तेलाचे. फोन बाजूच्या पाटावर. वाजला. मी नुसती पाहत राहिली. काकाजी तुळशीले पानी घालत होते, त्यायले वाटलं हात भरले म्हनून उचलत नाई, त्यायनं उचलला अन् लावला कानाले. डाव्या.

फोनमंधून तो ओरडून राहिला, मले चार हातावरून साफ ऐकू येऊन राहिलं, "पैसा कब दे रहे हो, हाँ? कब?" अन् काकाजी शांत उभे, "हो, हो" करत. मंग माह्याकडे पाहून इचारलं, "कोन आहे वं?"

माह्या तोंडून तेच निंगालं जे ते लोक रोज म्हनत. "रिकव्हरीवाले आहे काकाजी."

झालं, वाटलं. आला ठेला.

तं काकाजीचं तोंड कसं फुललं म्हनून सांगू! फोनमंधी म्हने, "अरे वा वा वा! रिकव्हरी? रिकव्हरी एकदम मस्त आहे, साहेब! तेल लावनं चालू आहे. काल पोट कडक झालं होतं, ओव्याच्या पान्यानं मोकळं झालं. वजन? वजन पाहा ना, मांडी भरून राहिली आता!"

अवो, त्यायले वाटलं दवाखान्यातून फोन आहे! पोराची रिकव्हरी इचारून राहिले म्हनून!

तिकडून तो, "कौन बोल रहा है बे? मैडम को फोन दो!" अन् इकडून काकाजी, "हो हो, बाईबी बरी आहे, पन जेवत नाई जी बरोबर, तुमीच सांगा तिले." अन् मंग टाळू भरून राहिली का नाई, लंगोट कसा बांधाचा, काकाजीची सोताची पोरगी लहानपनी कशी आजारी होती. मी तेलाच्या हातानं तोंड दाबून बसली. भेव तं होतंच, पन हासूबी येऊन राहिलं. शेवटी तिकडून फोन कापला. वसुलीवाल्यानं फोन कापला हे मी जन्मात पह्यल्यांदा पायलं.

काकाजी म्हने, "चांगला दवाखाना आहे गड्या. घरी सोडल्यावर येवढं कोन इचारते?"

मी पोराच्या पायाले तेल चोळत राहिली.

मंग तं नेमच झाला. फोन वाजला का काकाजी खालून आवाज देत, "रिकव्हरीवाले का वं? आन इकडं!" अन् मी जिन्यावरून फोन देई. सकाळचा फोन आला तं शी झाली का नाई ते सांगत, दुपारचा आला तं झोप. एकाले त्यायनं पोराचं रडनं ऐकवलं, फोन पोराच्या तोंडाजवळ नेऊन, "ऐका, छातीत दम आला का नाई?" एक बाई होती फोनवर, लय कडू बोले, तिले गुटीचं वेखंड उगाळाचं कसं ते पूर्न सांगतलं, तिनंबी कापला. कधी कधी दोन दोन दिवस फोनच नाई येत, तं काकाजी बेचैन, "काहून नाई आला वं आज? डॉक्टर सुट्टीवर आहे का?"

माह्या अंगावर परत दूध आलं. खरं सांगते. पोरगं पिऊन झोपे.

पन भेव गेलं नव्हतं, कारन फोनवर एकानं शेवटी म्हनलं होतं, "ठीक है, अब घर पे आते हैं." हे काकाजीले कुठं ऐकू येते! मले आलं ना.

अन् आला. इतवारच्या दिवशी, दिवसाढवळ्या, गल्लीतले सारे घरी असताना. फटफटी फाटकाशी लावली, काळा चष्मा, छातीवर बॅग, अन् फाटक असं वाजवलं का शेजारचे सारे गॅलरीत. मी वरून पायलं अन् पोराले उचलून दाराच्या मांगं उभी राहिली. हे तेवढे गोदामात गेले होते. मी मनातल्या मनात भांडे बांधाले लागली, खरंच, कोनतं पोतं कुठं आहे ते आठवाले लागली.

तो ओरडला, "ऊपर वाले हैं क्या? बुलाओ! रिकव्हरी से आया हूँ!"

काकाजी ओट्यावरून उठले. अन् त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं, "अवो पाहा वं! रिकव्हरीवाला घरी आला! सोता आला! या साहेब, या या!"

तो मानूस गल्लीत आमची इज्जत काढाले आला होता, अन् त्याचं ओरडनं काकाजीनंच करून टाकलं. समोरच्या बाईनं वरून हात जोडले त्याले. तो चष्मा काढून इकडे पाहे, तिकडे पाहे.

"जोडे काढा. हात धुवा साबनानं, लेकराले हात लावाचा आहे." त्याले नळावर नेलं, हात धुवाले लावले, नळ सोता बंद केला, खुर्चीवर बसवलं. मंग वर पाहून मले हाक, "आन वं त्याले खाली!"

मी पोराले छातीशी धरून जिना उतरली. काकाजीनं माह्या हातातून पोरगं घेतलं अन् त्या मानसाच्या मांडीवर ठेवून देल्लं. "पाहा. तुमचीच मेहेरबानी."

आता तीन महिन्याचं लेकरू मांडीवर आल्यावर मानूस ओरडन कसा? मान सांभाळा लागते ना. त्यानं हात मानेखाली घातला, बरोबर घातला, म्हनजे त्याच्या घरीबी असन कोनी. मी पायलं तं पोरगाच होता तो, पंचवीस-सव्वीसचा, चष्म्यानं मोठा दिसे.

काकाजीनं आपली खुर्ची त्याच्या उजवीकडून काढून डावीकडे ठेवली. म्हनजे आपला चांगला कान त्याच्याकडे आला. मले समजलं आता काय होते ते.

"मामाचं गाव कोनतं गा तुह्या?"

"जी?"

"मामाचं. गाव."

"मैं... वो मेरा मामा..." अन् मंग त्याची हिंदीच सरली. "मांढळ," म्हने.

"कुहीच्या पुढचं मांढळ? मिरचीवाले का घानीवाले?"

"मिरचीवाले. तुमाले कसं माईत जी?"

"थांब." काकाजीनं डोळे मिटले, बोटं मोजली. "मांढळच्या मिरचीवाल्याची पोरगी माह्या चुलत साळ्याच्या घरी देल्ली आहे. म्हनजे तू माह्या साळ्याच्या सुनेचा आतेभाऊ. अन् ही पवनीची, माह्या साळीकडची. मंग ही तुही बहीन लागली का नाई?"

त्यानं माह्याकडे पायलं. मी खाली पायलं.

"अन् बहीन लागली तं हे कोन? भाचा!" काकाजीनं मांडीवर थाप मारली. "अबे, मी तुले मामाचं गाव इचारून राहिलो अन् मामा तं तूच आहे!"

अन् तेवढ्यात भाच्यानं मामाच्या पॅन्टीवर सोडून देल्लं. गरम गरम. गल्ली हासली. तोबी हासला. काय करन?

मी त्याले जिन्याखाली टॉवेल देल्ला तवा तो हळूच मराठीतच बोलला. "ताई, लेकरू दवाखान्यात होतं काय?"

"पेटीत होतं."

"आमाले कोनी नाई सांगत. नाव देते, नंबर देते, अन् आन म्हनते." पॅन्ट पुसत होता, माह्याकडे नाई पाहे. "पगार कधी होते भाऊजीचा?"

मी सांगतलं, एक तारखेले, दोन्ही मिळून.

"मी साहेबाले सांगतो. पन ताई, दुसऱ्या कोनी शिव्या देल्ल्या तं फोन रेकॉर्ड करा अन् बँकेत तक्रार टाका. आमाले त्याचंच भेव असते. अन् उशीर झाला म्हनून पोलीस नाई येत. ते आमी नुसतं म्हनतो." मंग काकाजीकडे पाहून अजून हळू म्हनला, "म्हाताऱ्याले सांगू नका मी कोन आहो ते."

म्हनजे पाहा, मी भेत होती का हा काकाजीले सांगन, अन् तो भेत होता का मी सांगन!

काकाजीनं त्याले तर्रीपोहा आनून खाऊ घातला, अन् जाताना फाटकापरेंत गेले. "येत जा गा. पुढच्या खेपेले वजनकाटा आन."

एक तारखेले पगार झाला, ह्यायनं पैसे भरले, वरचा दंडबी भरला, कार्ड कैचीनं कापलं. फोन बंद झाले. काकाजीले करमेना. अन् मंग त्यायनं काय केलं तं साऱ्या गल्लीत त्या दवाखान्याची जाहिरात. "तिथंच न्या बाळंतपनाले. घरी आल्यावर दिवसातून धा फोन करते, मानूस घरी पाठवते, हात धुवून लेकरू पाहते." समोरच्या बाईच्या सुनेले खरंच तिथं नेलं. मंग ती बाई काउंटरवर जाऊन भांडली म्हने, आमच्याकडे रिकव्हरीवाला काहून नाई पाठवत, आमी काय पैसे नाई भरले का!

आमी ती खोली सोडली तवा, वाडीजवळ घर भेटलं म्हनून, मले राहावलं नाई. मी त्यायच्या उजव्या बाजूले जाऊन बसली अन् सारं सांगून टाकलं. काकाजी, ते दवाखान्यावाले नव्हते. वसुलीवाले होते. तगादेवाला तुमच्या दारात आला होता, तुमी त्याले पोहे चारले.

काकाजी म्हने, "चूप. वसुलीवाला म्या पायला नाई का? त्याले मिशा असते."

"अवो काकाजी, खरंच..."

"वसुलीवाला लेकराची मान सांभाळते काय? बाळंतपनात तुह्या डोक्यात ताप गेला, तो अजून उतरला नाई." अन् उठून नळ पाहाले गेले, थेंब गळत होता.

आता त्यायले पोरीनं भिलाईले नेलं. तिथं बोलाची पंचाईत नसनच, छत्तीसगढवाल्यायचे मामे काढत बसले असन.

परवा माहा फोन वाजला. अनोळखी नंबर. पोरगं आता मोठं झालं, बाजूले बसून डबे वाजवत होतं. कोन्या ओळखीच्यानं आपल्या लोनसाठी माहा नंबर देऊन ठेवला होता, अन् तो तिकडून मलेच ओरडाले लागला, "मैडम, उसको बोलो, नहीं तो आपके घर आएँगे." छातीत तेच धस्स झालं, अगदी तसंच. मी डाव्या कानाले लावला. पन माहे तं दोन्ही कान चांगले, दोन्हीनं ऐकू येते, मी काय करू? तरी मी म्हनलं, "भाऊ, एक सांग. तुह्या मामाचं गाव कोनतं?"

तो थांबला. मले वाटलं कापते आता. नाई कापला. मीबी नाई कापला. पोराचा डबा वाजत होता तेवढाच.

"भिवापूर," तो म्हनला. आवाज एकदम लहान झाला होता. "काहून जी?"

"थांब गा," मी म्हनलं. "कान बदलते."